यादीतलं नववं दार

"वैनी, दोन सह्या करा. एक इथं, एक इथं."

असं म्हणून बोंद्र्यांनी काउंटरवर दोन खाकी लिफाफे ठेवले. बोंद्रे म्हणजे आमच्या सांगवड नगरपरिषदेचे वसुली लिपिक. दोन्ही लिफाफ्यांवर एकच शिक्का होता आणि आतल्या दोन्ही कागदांवर मुख्याधिकारी शेजवळसाहेबांची हिरव्या शाईतली सही.

पहिल्या कागदात लिहिलं होतं की, न्यू प्रभात ब्रास बँड, गाळा क्रमांक सात, यांच्याकडे व्यवसाय परवाना कर आणि गाळापट्टी मिळून अडतीस हजार चारशे साठ रुपये थकले आहेत. एकतीस मार्चला सायंकाळी पाचपर्यंत भरले नाहीत तर बँडची सर्व वाद्ये जप्त करून लिलावात विकण्यात येतील.

दुसऱ्या कागदात लिहिलं होतं की, न्यू प्रभात ब्रास बँड यांना थकबाकीदारांच्या दारात वादन करण्याचे काम दरवर्षीप्रमाणे देण्यात येत आहे. तारीख एकतीस मार्च, सकाळी नऊ.

"भावजी, सकाळी नऊला आमी लोकांच्या दारात वाजवायचं," मी म्हटलं, "आन सांच्याला पाचला तुमी आमची वाद्यं उचलून न्यायची?"

"वेळ एकमेकांवर येत नाही ना? मीच जुळवून घेतलंय," बोंद्रे म्हणाले. हे त्यांनी अगदी अभिमानानं सांगितलं.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होत आली. तेव्हा बँड वाजवायचे माझे यजमान, आणि तो चालवायची मी. त्यांना सगळं गाव मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणायचे. ते क्लॅरिनेट वाजवत. सुपाऱ्या घेणं, चौदा जणांची मजुरी वाटणं आणि भांडणं ही खाती माझ्याकडे. मला राग लवकर येतो आणि जायला उशीर लागतो, त्यामुळे तिसरं खातं मला चांगलं जमायचं.

ज्यांनी कर थकवलाय त्यांच्या दारात बँड लावायचा, म्हणजे चारचौघांत लाज वाटून माणूस पैसे भरतो, ही युक्ती नगरपरिषदेला त्याच्या तीन वर्षं आधी सुचली होती. बँड आमचा. तीन वर्षं दर मार्चला आम्ही वाजवलं, शिवाय दोन मंत्र्यांची स्वागतं केली. त्याचं बिल झालं सेहेचाळीस हजार पाचशे. त्यातला एक रुपया आम्हाला मिळाला नव्हता.

का, तर नगरपरिषदेचं बिल निघायला थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. आमच्याकडे थकबाकी होती, म्हणून दाखला नव्हता. दाखला नव्हता म्हणून बिल निघत नव्हतं, आणि बिल निघत नव्हतं म्हणून थकबाकी भरता येत नव्हती. हे मी बोंद्र्यांना बोटांवर मोजून समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. पद्धत तशीच आहे."

"मग आमचं तुमच्याकडं जास्त निघतंय, त्यातनं तुमचं कापून घ्या की."

"वैनी, जमा वेगळ्या टेबलावर, खर्च वेगळ्या टेबलावर. मधी भिंत आहे."

"भिंतीला दार न्हाई व्हय?"

"आहे. पण ते साहेबांच्या केबिनमधून जातं."

मी नोटिशीला लेखी उत्तर दिलं. शाळा सातवीपर्यंतच झाली होती, पण अक्षर चांगलं. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, वजाबाकी केली आणि शेवटी लिहिलं की, राहिलेले आठ हजार चाळीस रुपये कृपया रोख द्यावेत. चार दिवसांनी उत्तर आलं. आपला अर्ज योग्य त्या टेबलाकडे पाठवला आहे. योग्य टेबल बोंद्र्यांचं होतं. त्यांनी मला अर्ज दाखवलासुद्धा, फाइलीत छान लावून ठेवला होता.

मग एक दिवस ते जप्तीच्या वस्तूंची यादी करायला आले. बँडच्या वस्तू त्यांनी आयुष्यभर ऐकल्या होत्या, जवळून कधी पाहिल्या नव्हत्या. युफोनियमपाशी थांबून म्हणाले, "याला काय म्हणायचं?"

"युफोनियम," मास्तर म्हणाले.

"लिहिता येईल असं सांगा."

बोंद्र्यांनी आपल्या मनानं लिहिलं, 'पितळी भोंगा, मोठा, पोचा आलेला, नग एक.' मग त्यांनी मास्तरांची क्लॅरिनेट पाहिली. ती मास्तरांच्या वडिलांची. ते गेल्यावर मास्तरांनी घरातलं दुसरं काही मागितलं नव्हतं. बोंद्र्यांनी लिहिलं, 'काळी पिपाणी, चावीवाली, नग एक. अंदाजे किंमत रुपये दीडशे.'

"पिपाणी?" मास्तर एवढंच म्हणाले. क्लॅरिनेट पुसून त्यांनी पेटीत ठेवली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तीन एप्रिलपासून आमच्या अकरा लग्नांच्या सुपाऱ्या होत्या. त्यांचा विसार कधीच पोरांच्या नव्या ड्रेसच्या कापडात गेला होता. वाद्यं गेली तर विसार परत द्यायला पैसे नव्हते आणि चौदा घरांत पावसाळ्यापर्यंत चूल कशावर पेटायची, याचंही उत्तर नव्हतं. मी मास्तरांना म्हटलं, "ही वसुलीची सुपारी परत करा. फुकट वाजवायचं आन वर जप्ती बी सोसायची, कशापायी?"

"सुपारी परत करायची न्हाय," मास्तर म्हणाले. "आजवर केली न्हाय."

आमच्या धंद्याचे दोन नियम. घेतलेली सुपारी परत करायची नाही, मग दार कुणाचंही असो. आणि सुपारी देणाऱ्यानं हात वर केल्याशिवाय वाजवणं थांबवायचं नाही. नवरदेव घोड्यावरून पडला तरी आमची पोरं वाजवत राहिलेली मी पाहिली आहेत. 'दार कुणाचंही असो' या नियमापायीच आदल्या मार्चला आम्ही अंबूभाऊंच्या दारात वाजवलं होतं. अंबूभाऊ बगाडे म्हणजे आमच्यासमोरचे शिंपी. आमच्या बँडचे सगळे ड्रेस तेच शिवत. त्यांच्याकडे बावीसशे रुपये थकले होते. आम्ही अर्धा तास वाजवलं, त्यांनी अर्धं शटर खाली ओढलं आणि दुसऱ्या दिवशी आमचे चौदा ड्रेस वेळेवर शिवून दिले. त्यांनी त्यावर एक शब्द काढला नाही, म्हणून आम्हीही काढला नाही. माणूस समजूतदार आहे, एवढंच मला वाटलं.

तीस तारखेला बोंद्रे थकबाकीदारांची यादी घेऊन आले. मास्तर यादी कधी वाचत नसत, मी वाचायचे. एकूण अकरा दारं. पहिली आठ वाचली आणि नवव्यावर माझं बोट थांबलं.

'९. न्यू प्रभात ब्रास बँड, गाळा क्र. ७.'

मी बोंद्र्यांकडे पाहिलं. ते पान लावत होते. त्यांनी रजिस्टर पुढ्यात ठेवून नावं ओळीनं उतरवली होती. यादी बँडला बँडच्याच दारात वाजवायला सांगतेय, हे त्यांच्या ध्यानात यायचं काही कारणच नव्हतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मला आमचा गाळा आठवला. म्हणजे मी गाळ्यातच उभी होते, पण तो आहे कुठे ते आठवलं. गाळा नगरपरिषदेच्याच इमारतीत, तळमजल्यावर. बरोबर वर पहिल्या मजल्यावर वसुली विभाग आणि मुख्याधिकाऱ्यांचं केबिन. साहेबांची खिडकी आमच्या पाटीच्या डोक्यावर.

"यादी बरोबर आहे ना?" बोंद्र्यांनी विचारलं.

"एकदम बरोबर हाय, भावजी," मी म्हटलं आणि सही केली. आदेशातली एक ओळ मी पुन्हा वाचून घेतली. शेजवळसाहेब नवीन होते, कडक होते. त्यांनी यंदा स्वतः घातलं होतं की, भरणा झाल्याशिवाय अथवा मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय वादन थांबवू नये.

एकतीस तारखेला पहिल्या आठ दारांना साहेब जीप घेऊन स्वतः आले. बरोबर वर्तमानपत्राचा फोटोवाला. प्रत्येक दारात फोटो निघाला की साहेब हात वर करायचे. आठव्या दारानंतर त्यांनी घड्याळ पाहिलं, "पुढचं बोंद्रे बघतील," म्हणाले आणि कलेक्टरांच्या बैठकीला निघून गेले.

बोंद्र्यांनी यादी उघडली. नवव्या ओळीवर बोट ठेवलं.

"वैनी, इथं काहीतरी झालंय."

"काय झालंय? नऊ नंबर न्हवं का? चला."

"अहो, पण हा तर तुमचा..."

"यादीत हाय का न्हाय?"

"यादीत आहे. रजिस्टरात आहे म्हटल्यावर यादीत येणारच."

"मग खोडा आन सही करा."

बोंद्रे दचकले. एकतीस मार्चला वसुलीच्या यादीतलं नाव आपल्या सहीनं खोडायचं, हे त्यांना बावीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं. "आपल्याच दारात?" त्यांनी हळूच विचारलं.

"सुपारी घेतलीया न्हवं?"

मास्तरांनी क्लॅरिनेट ओठाला लावली.

दुपारचे बारा वाजले होते. आमच्या चौदा जणांनी आमच्याच पाटीकडे तोंड करून वाजवायला सुरुवात केली, आणि मी सांगते, तसं त्यांनी कुणाच्या वरातीतही वाजवलं नसेल. वसुली विभागाच्या खिडक्या धडाधड मिटल्या. वर्षाचा शेवटचा दिवस, कर भरायला आलेल्या लोकांची रांग जिन्यावर. एकाला दुसऱ्याचं ऐकू येईना. पाणीपट्टी भरायला आलेल्याला म्हणे घरपट्टीची पावती मिळाली आणि त्यावरून दुसरं भांडण लागलं. बोंद्रे दोनदा वर जाऊन आले.

"वैनी, जरा हळू तरी..."

"हात करा, थांबतील."

"हात साहेबांनी करायचा. मी केला तर उद्या माझ्यावर वसुली निघेल."

मी पायरीवर पदर खोचून उभी होते आणि मनातून हसत होते. गाव गोळा झालं. दोघंतिघं नाचायला लागले. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आज बँडवाल्यांचीच वरात!" मी त्यालाही हसले. कसं हाणलं, असं मला वाटत होतं.

मग गर्दीतून तीन एप्रिलच्या लग्नाचे यजमान पुढे आले, घोरपडे. आधी त्यांनी आमच्या पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जप्ती हाय म्हणं तुमच्यावर? आमचा विसार परत द्या बाई. तीन दिसांनी माझ्या पोरीच्या दारात कोण वाजवणार?"

"आवो, तसं न्हाई, ही आमची..."

"ही काय? गंमत हाय? आख्खं गाव बघतंय."

मी बघितलं. खरंच आख्खं गाव बघत होतं. भाजीवाल्या बघत होत्या. माझ्या भिशीतल्या बायका बघत होत्या. त्यांतल्या एकीनं दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघींनी माझ्या हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं. हे मीच घडवून आणलंय, यात माझा कावा आहे, हे त्यांना कसं सांगणार? आणि सांगून तरी काय? अडतीस हजार खरोखरच थकलेले होते. वाद्यं पाच वाजता खरोखरच जाणार होती. माझे कान तापले. घोरपड्यांना तिथंच सोडून मी गाळ्यात गेले आणि स्टुलावर बसले.

बँड आपण बाहेरून ऐकतो. आतून कसा ऐकू येतो ते मला त्या दिवशी कळलं. गाळा पत्र्याच्या डब्यासारखा घुमत होता. ढोलाचा प्रत्येक ठोका छातीवर पडत होता. फळीवरचे पेले थरथरत होते. कुठे बघावं तेच कळेना, कारण समोर बघितलं की गर्दी दिसायची आणि तिच्यापुढे मास्तर, डोळे मिटून वाजवणारे.

तेवढ्यात अंबूभाऊ आत आले. गळ्यात टेप तशीच. त्यांनी मला काही विचारलं नाही. वळले आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"अर्धंच ठेवायचं," ते म्हणाले. "पुरं वढलं तर लोक म्हणत्यात पळून गेला."

मग त्यांनी कोपऱ्यातला तांब्या उचलून माझ्याजवळ ठेवला. "पाणी जवळ घ्या वैनी. तोंडाला कोरड पडती. पयली धा मिनटं लई जड जात्यात."

"मग?"

"मग बी जात्यातच. पर माणूस कायतरी हातात घेऊन बसतो. मी तुमच्या ड्रेसांची बटणं लावत बसलो हुतो."

बटणं लावत बसले होते. आम्ही बाहेर वाजवत होतो आणि आत हा माणूस आमच्याच अंगावरच्या कपड्यांना बटणं लावत होता, आणि मी त्याला समजूतदार म्हणून मोकळी झाले होते. तीन वर्षांत किती दारं झाली असतील? बत्तीस, तेहतीस. प्रत्येक दाराचे किती रुपये लावायचे, ते मी मोजलं होतं. दाराच्या आत कोण बसलंय, हे एकदाही मनात आलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी रडले. बँडच्या आवाजात कुणाला ऐकू जाण्याची भीती नव्हती, तेवढी एक सोय होती.

"अंबूभाऊ, चुकलं आमचं," मी म्हटलं.

"काय म्हणाला?" त्यांनी कानाला हात लावला. खरंच ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, मला माहीत नाही. मी पुन्हा मोठ्यानं ओरडून म्हटलं. ते मान हलवत म्हणाले, "पाणी प्या."

तीन वाजता साहेबांची जीप आली. मी डोळे पुसून बाहेर गेले. गर्दीतून वाट काढताना साहेबांचा चष्मा तिरका झाला होता.

"हे काय चाललंय? बंद करा आधी!"

"हात वर करा साहेब, लगेच थांबत्यात. फकस्त नऊ नंबरापुढं तुमच्या हातानं लिवा, वसुली न होता थांबवलं."

बोंद्र्यांनी तत्परतेनं यादी आणि पेन पुढे केलं. त्यांना वाटलं मदत करतोय. साहेबांचा हात खांद्यापर्यंत गेला होता, तिथेच थांबला. ही यादी संध्याकाळी जिल्ह्याला जायची होती. पहिल्या आठ जणांपैकी सहांनी भरणा केला होता, फोटो निघाले होते, आणि आता स्वतःच्या सहीनं हार लिहून द्यायची.

"हे भरत का नाहीत?" त्यांनी बोंद्र्यांना विचारलं.

"यांचं बिल निघालेलं नाही साहेब."

"का नाही निघालं?"

"यांनी भरलेलं नाही साहेब."

साहेबांनी दोन्ही वाक्यं मनात जुळवून पाहिली असावीत. तेवढ्यात आमच्या पोरांनी तीन तासांनंतर नव्यानं दम धरला. साहेब कानावर हात ठेवून ओरडले, "दोन्ही फाइली माझ्या टेबलावर आणा! दोन्ही!"

मला वर बोलावलं. तीन वर्षं जी भिंत होती ती वीस मिनिटांत गेली. साहेबांच्या टेबलावर एका बाजूला जमेचा कारकून बसला, दुसऱ्या बाजूला खर्चाचा. खर्चाच्या कारकुनानं सेहेचाळीस हजार पाचशेचा चेक लिहिला, मी अडतीस हजार चारशे साठचा लिहिला.

"आधी दाखला की आधी चेक?" खर्चाचा कारकून म्हणाला.

"एकदम," साहेब म्हणाले.

आणि खरंच, एक-दोन-तीन म्हणून आम्ही ते कागद एकमेकांच्या हातात दिले. बोंद्र्यांनी जप्तीच्या कागदावर 'रद्द' असा शिक्का मारला. साहेब खिडकीपाशी गेले, खिडकी उघडली आणि हात वर केला. बँड थांबला. इतकी शांतता झाली की टाइपरायटरचा आवाज आला. मी खाली आले तेव्हा मास्तरांचा खालचा ओठ फुटून रक्त आलं होतं, आणि घोरपडे त्यांना पाणी देत होते.

दहाव्या आणि अकराव्या दारी त्या दिवशी कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आमचा फोटो होता. 'नगरपरिषदेच्या अभिनव मोहिमेचा दणका. बँड वाजताच बड्या थकबाकीदाराने भरली संपूर्ण रक्कम.' बोंद्र्यांनी ते कात्रण आणून दिलं आणि आमच्याच भिंतीला चिकटवायला सांगितलं.

पुढच्या मार्चला पुन्हा खाकी लिफाफा आला. या वेळी एकच. आत मोहिमेचा आदेश आणि, कधी नव्हे ते, आगाऊ रक्कम. मी मास्तरांना वाचून दाखवला आणि त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी लिफाफा पुन्हा चिकटवला, टोपी घातली आणि जिना चढून वर गेले. बोंद्र्यांच्या टेबलावर लिफाफा ठेवून खाली आले. तीन पिढ्यांत आमच्याकडून परत गेलेली ती एकच सुपारी.

त्यानंतरच्या वैशाखात अंबूभाऊंच्या थोरलीचं लग्न होतं. मास्तर स्वतःच त्यांच्याकडे गेले आणि सुपारी मागून घेतली, सव्वा रुपयाची. आम्ही त्याच दारात उभे राहिलो. शटर या वेळी पूर्ण वर होतं, त्याला आंब्याचं तोरण होतं. एक तास झाला, नवरदेव मांडवात गेला, पोरांचे गाल दुखायला लागले. मास्तर वाजवता वाजवता अंबूभाऊंकडे बघत होते. सुपारी त्यांची, हात त्यांनी करायचा.

आमचे ड्रेस शिवणाऱ्या माणसाला आमचे नियम चांगले ठाऊक होते. अंबूभाऊ दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधून दारात उभे होते.